आक्काची पाव्हणी

आक्काला राग यायला कारण लागत नाही, असं आमच्या गल्लीत सगळे म्हणायचे. मी तासगावात तिच्या माडीवर भाड्यानं राहिले, तिच्या हातचं जेवले, तिच्या शिव्या खाल्ल्या, आणि तिचा एकही राग मला बिनकारणाचा दिसला नाही. उलट तिच्या भोवतीची माणसं इतकी थंड कशी राहू शकतात, याचं मला आधी नवल वाटायला लागलं आणि पुढं चीड यायला लागली. आता मी बदली होऊन साताऱ्यात आलेय, कॉलेज, घर, सगळं सुरळीत चाललंय. तरी तिथली काही तोंडं आठवली की अजून माझं डोकं तापतं.

खाली तिची पिठाची गिरणी. नवरा फौजेतून आला तेव्हा त्यानं ती घातली, आणि तो गेल्यावर आक्कानं पदर खोचून चालवायला घेतली. मुलगा पुण्यात. तो दर दिवाळीला 'आता बंद कर की' म्हणायचा आणि ही त्याला 'तू तुझं तोंड बंद कर' म्हणायची. गिरणीच्या आवाजावर बोलून बोलून तिचा आवाज कायमचा वर चढला होता. 'चहा घेतीस का?' असं तिनं विचारलं तरी समोरच्याला वाटायचं, आपलं काहीतरी चुकलंय.

एकदा एक तरणाबांड माणूस मोटरसायकलवरून दळण घेऊन आला. म्हणजे तो मोटरसायकलवर बसून राहिला आणि त्याची म्हातारी आई ज्वारीचा डबा डोक्यावर घेऊन गिरणीच्या पायऱ्या चढली. आक्कानं डबा उतरून घेतला, म्हातारीला बाकावर बसवलं आणि डबा परत नेऊन रस्त्यावर, मोटरसायकलच्या चाकापुढं ठेवला.

"आता तू आण," म्हणाली. "चढून वर."

"आवं आक्का, घाई हाय मला."

"तिच्या मानंला न्हाई का घाई?"

त्यानं डबा उचलला, पण जाता जाता चार लोकांना ऐकू जाईल असं म्हणाला, "खुळी हाय ही." त्यावर बाकावरचे लोक हसले. माझा राग त्या हसण्यावर आहे. तो एकटा मूर्ख होता, पण हसणारे चांगले शिकलेसवरलेले होते.

पाव्हणी सापडली ती हिवाळा सरता सरता. आक्काच्या बहिणीचं रान गावाबाहेर द्राक्षबागांच्या पलीकडं आहे. मी स्कूटरवर आक्काला मागं बसवून तिकडं निघाले होते. बेदाण्याचा हंगाम नुकता सुरू झाला होता, शेडच्या जाळ्यांवर द्राक्षं पसरलेली होती. एका शेडपाशी आक्का माझ्या कानात ओरडली, "थांब!" मी घाबरून ब्रेक दाबला.

शेडमागच्या चरीत एक कुत्री पडली होती. कारवानी जातीची, लांब पायांची, आत गेलेल्या पोटाची, मातकट रंगाची. शर्यतीला पळवतात ती जात. मागचा एक पाय भलत्याच दिशेला वळला होता, आणि पाठीवर गुलाल होता. ओला झालेला, केसांत चिकटलेला गुलाल. शेडवर काम करणारी एक बाई चरीच्या काठावर उभी राहून सांगायला लागली, "काल दिस बुडायच्या टायमाला गाडीतनं ढकलून गेली. शर्यत हुती पलीकडल्या माळाला. पाय मोडला जनू."

म्हणजे आधीची फेरी जिंकली म्हणून तिच्या अंगावर गुलाल टाकला होता, पुढच्या फेरीत पाय मोडला, आणि तो गुलाल पुसायच्याही आधी तिला चरीत टाकून माणसं घरी जेवायला गेली होती.

आक्कानं डोक्यावरचा स्कार्फ सोडला, चरीत उतरली आणि त्या स्कार्फानं कुत्रीचं तोंड हलक्या हातानं बांधलं, दुखल्यावर चावू नये म्हणून. मग वर बघून माझ्यावरच ओरडली, "बघतीस काय? धर की खालनं!"

सरकारी दवाखान्यातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. ती पुढं कायम लंगडत चालली. गल्लीतले लोक विचारायला यायचे, हे काय आणलंय म्हणून. आक्का सांगायची, "पाव्हणी हाय. पाय बरा झाला की जाईल." पाय बरा झाला, पाव्हणी गेली नाही, नाव मात्र तेच पडलं.

माणसाच्या घरात कसं राहायचं हे त्या कुत्रीला अजिबात माहीत नव्हतं. पायरी कशी चढायची ठाऊक नव्हतं. कुणी डोक्यावरून हात फिरवला की मान खाली घालून वाट बघायची, आता पुढं काय होणार याची. गिरणीच्या धडधडाटाला मात्र ती मुळीच भ्यायली नाही. पट्ट्याच्या पलीकडं पोत्यावर झोपायची आणि संध्याकाळपर्यंत पांढरी फटक व्हायची. भीती तिला एकाच गोष्टीची होती. पहिल्या दिवशी मी माडीवर कुकर लावला आणि शिट्टी झाली, तशी खाली काहीतरी कोसळल्याचा आवाज आला. धावत गेले तर पाव्हणी प्लास्टरचा पाय ओढत भिंतीवर धडका मारत होती, डोळे पांढरे करून. शर्यतीत शिट्टी वाजली की सुटायचं, हे तिच्या अंगात इतकं भिनवलेलं होतं की मोडक्या पायानंही ती सुटू बघत होती.

आक्का तिच्याजवळ बसून राहिली. थोड्या वेळानं तिनं मला वर पाठवलं आणि माझा कुकर खाली मागवून घेतला. स्वतःचाही काढला. दोन्ही कुकर माळ्यावर गेले. तिथून पुढं मी तिथं होते तोवर आमच्या घरात डाळ पातेल्यात शिजली. शेजारच्या घराची शिट्टी ऐकू यायची म्हणून आक्का त्यांच्याकडंही गेली होती. त्यांनी काय उत्तर दिलं ते मी इथं लिहीत नाही. पण त्या घरातल्या सुनेनं दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघराची आमच्या बाजूची खिडकी लावून घ्यायला सुरुवात केली, हे सांगायला पाहिजे.

फिरायला जायचं वेड त्यानंतरचं. वास्तविक गिरणी घातल्यापासून आक्का कुठं गेली नव्हती. लग्नकार्य आणि बहिणीचं रान सोडलं तर तासगावच्या बाहेर तिचं पाऊल पडत नव्हतं. पण एका रविवारी तिनं गिरणीला कुलूप घातलं आणि मला म्हणाली, "चल, हिला फिरवून आणू."

"कुठं?"

"कुटं बी. हिनं काय बघितलंय गं आजवर? माळावर जायाचं, जीव तोडून पळायचं, परत पिंजऱ्यात. जरा बसून बघू दे की हिला बी कायतरी."

एसटीत कंडक्टरनं कुत्र्याला घेतलं नाही. नियम त्याच्या बाजूचा होता, पण तो हसत हसत म्हणाला, "हिचं अर्धं तिकीट काढणार का पूर्ण?" आणि सगळी गाडी हसली. आक्का पायरीवर उभी राहून म्हणाली, "हसताय काय? ही तुमच्यापरीस गप बसली असती." मग खाली उतरली आणि गाडी निघून जाईपर्यंत तिकडं बघत राहिली.

म्हणून मग बाबूभाई आला. बाबूभाई आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहायचा, तीनचाकी टेम्पोतून बेदाण्याचे बॉक्स व्यापाऱ्यांकडं पोचवायचा. रविवारी टेम्पो रिकामा. आक्कानं विचारल्यावर त्यानं डोकं खाजवलं.

"आक्का, आमच्यात कुत्र्याची लाळ लागली तर लय धुवावं लागतं. मी काय तिला शिवायचो न्हाई. पर गाडीत बसू दे. मागं पोतं टाकतो."

असे आम्ही निघायचो. पुढं बाबूभाई आणि मी, मागं पोत्यावर आक्का आणि पाव्हणी. सांगलीला कृष्णेच्या घाटावर गेलो. पाव्हणीनं एवढं पाणी कधी बघितलं नसावं. ती शेवटच्या पायरीवर पुढचे पाय ठेवून उभी राहिली आणि नदीकडं बघून भुंकली, एकदाच, जणू कोणी ओळखीचं आहे का ते विचारावं. आक्का एवढी हसली की तिला ठसका लागला. इस्लामपूरला तिच्या नणंदेकडं गेलो. नणंदेनं आम्हाला चहा दिला, कुत्रीला अंगणात बांधायला सांगितलं, तेव्हा आक्का चहा घेऊन अंगणात जाऊन बसली. म्हसवडला सिद्धनाथाला गेलो, तेव्हा मी एकटी आत जाऊन आले. आता तू जा म्हटलं तर आक्का दाराबाहेरूनच हात जोडून उभी. "मी हितनंच बोलते. ऐकू जातंय त्याला." तिचा आवाज बघता त्यात शंका नव्हती.

त्या रविवारांत आक्का वेगळी दिसायची. भांडायची तिथंही, भेळेत कांदा कमी म्हणून, नदीत प्लास्टिक टाकलं म्हणून. पण येताना टेम्पोच्या मागं पाव्हणीचं डोकं मांडीवर घेऊन ती झोपलेली असायची, आणि बाबूभाई खड्डा चुकवायला अख्ख्या रस्त्यावरून गाडी फिरवायचा.

घाटावर कुणीतरी आमचा व्हिडिओ काढला होता. म्हातारी बाई लंगड्या कुत्रीला भेळेतले कुरमुरे भरवतेय, एवढाच. तो फोनाफोनी फिरला आणि जिथं जायला नको तिथं पोचला. एका दुपारी गिरणीपुढं पांढरी गाडी उभी राहिली. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, काळा चष्मा, बरोबर दोन माणसं. पाव्हणीनं त्याला पाहिलं आणि ती पोत्यांच्या मागं जाऊन जमिनीला चिकटली.

"आक्का," तो गोड आवाजात म्हणाला, "आमची कुत्री सांभाळलीत, लय उपकार झालं. आता न्यायला आलोय."

"तुमची कशावरनं?"

त्यानं फोन पुढं केला. फोटोच फोटो. पाव्हणी बक्षिसाच्या ढालीशेजारी, पाव्हणी गुलालात, पाव्हणीच्या गळ्यात हार आणि शेजारी हा, फेटा बांधून. "हरवली हुती," म्हणाला.

आक्कानं पिठाचा हात पदराला पुसून फोन हातात घेतला आणि एकेक फोटो निवांत बघितला. "हितं समद्या फोटूत पाय सरळ हाय," म्हणाली. "मोडल्यावरचा एक दाखवा की."

त्याचा गोड आवाज गेला. त्याचं काम असं होतं: पळायला ती आता निरुपयोगी होती, पण तिची जात नावाजलेली होती, आणि त्याला तिची पिल्लं पाहिजे होती. हे त्यानं सरळ सांगितलं. ते सांगताना त्याला जराही लाज वाटली नाही.

"चालती हो म्हणायचं असतं बाईला," आक्का म्हणाली. "गड्याला काय म्हणत्यात ठावं न्हाई मला. तर तुमी चालतं व्हा."

त्यानंतरच्या दिवसांतला माझा राग त्याच्यावर कमी आणि आमच्या गल्लीवर जास्त आहे. समोर एक निवृत्त साहेब राहायचे. रोज सकाळी पेपर वाचून जगावर मत देणारे, माझ्याशी बोलताना माणुसकी हा शब्द हमखास वापरणारे. ते संध्याकाळी आले, खुर्ची मागवून बसले आणि म्हणाले, "आक्का, माणूस मोठा आहे. ओळखी आहेत त्याच्या. एका मुक्या जनावरासाठी कशाला वाकडं घेता? देऊन टाका."

"मुकं हाय म्हणूनच की," आक्का म्हणाली.

"तुम्ही भावनेच्या आहारी जाताय."

मी मध्ये पडले. म्हटलं, साहेब, त्यानं तिला मोडक्या पायानं चरीत टाकली होती. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही बाहेरच्या. तुम्हाला इथलं कळायचं नाही." मी साताऱ्याची. अशी कितीशी बाहेरची? पण त्यांना मला नाही, स्वतःला समजावायचं होतं. त्यांच्यामागून दोन-तीन जण आणखी आले, सगळ्यांचं म्हणणं तेच. त्या मालकाला 'तू चुकलास' म्हणायला मात्र एकही माणूस गेला नाही.

आणि मग त्यानं ती नेली. मी कॉलेजात होते, आक्का बहिणीच्या रानात. गिरणीचं मागचं दार कडी काढून उघडलेलं होतं. समोरच्या घरातल्या लोकांनी गाडी पाहिली होती, कुत्रीचं विव्हळणं ऐकलं होतं. साहेब म्हणाले, "आम्हाला वाटलं, तुमचं काही ठरलं असेल."

आक्का गिरणीच्या उंबऱ्यावर बसली. पोत्यावर पाव्हणीच्या अंगाचा खळगा तसाच होता. मी म्हटलं, चौकीवर जाऊ. ती म्हणाली, "जाऊ. पर तिथं इचारतील, कुणी बघितलं. कोन सांगणार हाय? आधी बघणारा गावला पायजे."

पुढच्या शर्यतीचा दिवस तिनं बाबूभाईला विचारून घेतला; पाय मोडताना बघणारी माणसं तिथंच भेटणार होती. त्या मालकाच्याच गावची जत्रा होती, माळावर मंडप, कर्णे, धूळ, आणि माणसंच माणसं. दोरीला बांधलेला कापडी ससा यंत्रानं ओढायचा आणि मागून कुत्री सोडायची, असा तो खेळ. मालक व्यासपीठावर फेटा बांधून बसला होता. मला वाटलं होतं, आक्का त्याच्याकडं जाऊन भांडेल. तिनं मंडपाकडं बघितलंसुद्धा नाही. दोऱ्यांखालून वाकून ती पळण्याच्या पट्टीवर गेली आणि मधोमध मांडी घालून बसली.

कर्ण्यावरून माणूस ओरडायला लागला, "आवं आज्जी, बाजूला व्हा! कुत्री सुटायची हायत!"

"सुटू द्यात," आक्का म्हणाली. तिला कर्ण्याची गरज नव्हती. "कुत्री न्हाईत काय करायची मला. कुत्री शाणी असत्यात."

हसणं सुरू झालं. कमिटीची पोरं धावत आली, पण बाईला हात कोण लावणार म्हणून भोवती उभी राहिली. आक्का बसल्या जागेवरून बोलली, "मला एकच इचारायचंय, मग उठते. मागं ह्या मालकाच्या कुत्रीचा पळताना पाय मोडला. त्यानं ती रस्त्याकडंला टाकली. आता परत चोरून आणून कोंडलीय. पाय मोडताना कुणी कुणी बघितलं? हात वर करा."

हसणं थांबलं. एवढा मोठा माळ, आणि एक हात वर नाही. मला ते दृश्य कधी विसरता येणार नाही. बघितलं सगळ्यांनी होतं. शर्यतीला येणाऱ्या माणसाच्या डोळ्यांतून अशी गोष्ट सुटत नाही. कोणी चपलेनं माती उकरत होता, कोणी फोनमध्ये बघत होता.

"कुणीच न्हाई?" आक्का म्हणाली.

तेव्हा व्यासपीठाच्या अगदी खालून एक हात वर आला. वाळका, काळा, वयस्कर हात. त्या माणसाच्या दुसऱ्या हातात मालकाच्याच एका कुत्र्याची दोरी होती.

"मी बघितलं," तो म्हणाला. "मीच सांभाळायचो तिला. पाय मोडला. मालकांनी गाडीत घालून बेदाण्याच्या शेडमागं टाकली. मी गाडीत हुतो."

मालक उठून उभा राहिला. "तात्या!" एवढंच म्हणाला. पण एक हात वर आला तसे मग दुसरे आले, कुत्री पळवणाऱ्या माणसांचेच. एक जण तर ओरडला, "लाज वाटायला पायजे!" कमिटीच्या अध्यक्षाला शर्यत सुरू करायची होती, न्याय वगैरे काही करायचा नव्हता. त्यानं मालकाच्या कानाला लागून काहीतरी सांगितलं. मालक हात झटकून कर्ण्यावरच म्हणाला, "न्या जावा ती लंगडी. मला काय कमी न्हाईत."

त्याच्या रानातल्या शेडमध्ये पाव्हणी आखूड साखळीला बांधलेली होती. कूस बदलताही येऊ नये इतक्या आखूड. आम्हाला बघून ती उठलीसुद्धा नाही. आक्काच्या हातून साखळीची कडी निघेना. बाबूभाई, जो तोवर पाव्हणीपासून नेहमी चार हात लांब राहिला होता, तोच पुढं झाला. त्यानं कडी काढली, दोन्ही हातांनी तिला उचलून छातीशी धरलं आणि टेम्पोकडं चालत गेला. पाव्हणी त्याचा गळा चाटत होती. "चाट, चाट," तो म्हणाला. "घरी जाऊन धुतो."

पुढचे कितीतरी दिवस ती पोत्यामागून बाहेर आली नाही. मग तिचं पोट दिसायला लागलं. मालकानं कोंडून ठेवलेल्या दिवसांत ते काम उरकून घेतलं होतं. आक्का त्यावरही चिडली, पण रात्रंदिवस तिच्याशेजारी बसून तिनं तिचं बाळंतपण केलं.

पिल्लांची बातमी गल्लीत फिरली आणि सर्वांत आधी कोण आलं? समोरचे साहेब. हातात पेढ्यांचा पुडा. "आक्का, नातवाला फार हौस आहे हो. एक आम्हाला ठेवा. जातिवंत आहेत म्हणतात." ज्यांना पाव्हणीचं विव्हळणं ऐकून 'काही ठरलं असेल' असं वाटलं होतं, तेच. मी जिन्यात उभी होते. मला वाटलं, आक्का तो पुडा रस्त्यात भिरकावेल. तिनं तो घेतला, उघडला, एक पेढा पाव्हणीला दिला आणि पुडा परत बांधून त्यांच्या हातात ठेवला. "नातवाला द्या," म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

तात्या मात्र आला तेव्हा तिनं त्याला आत बसवलं. तो पायीच आला होता. चप्पल बाहेर काढून, टोपी हातात धरून बसला. पाव्हणी त्याला बघून धडपडत उठली आणि त्याच्या गुडघ्यावर डोकं घासायला लागली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. एक पिल्लू मिळालं तर बरं होईल, पळवणार न्हाई, दारात नुसतं हिंडू दे, असं काहीतरी तो खाली बघून म्हणाला.

आक्कानं त्यालाही सोडलं नाही. "देते. पर आधी मला सांगा. तुमी गाडीत हुता. टाकली तवा उतरून उचलली का न्हाई?"

"त्यांच्याच रानात कामाला हुतो आक्का आमी," म्हणाला. "मी, पोरगा, सून. समदी."

"हुतो म्हंजे?"

"माळावर हात वर केला न्हवं. दुसऱ्या दिसापास्नं बोलवत न्हाईत."

आक्का उठली, भिंतीला टेकवलेल्या चपला पायांत घातल्या आणि मला म्हणाली, "बाबूभाईला हाक मार."

"आवं नको आक्का," तात्या घाबरला. "मी पिल्लासाठी आलोय."

"पिल्लू घ्या की. कुठलं आवडलं ते घ्या. पर चला."

असे आम्ही त्या मालकाच्या बंगल्यापुढं जाऊन उभे राहिलो. आक्का, पाव्हणी, शर्टाच्या आत पिल्लू धरलेला तात्या, बाबूभाई आणि मी. दुपारचं कडक ऊन होतं. आक्कानं फाटक वाजवलं. वरच्या मजल्यावरचा पडदा हलला, पण कोणी आलं नाही. परत वाजवलं. नाही. आक्का फाटकापुढं खाली बसली. म्हणाली, "बघू कवा येतोय ते." आजूबाजूच्या घरांतली माणसं दारात येऊन उभी राहिली. मी आक्काला म्हटलं, आपण सावलीत तरी बसू. तिनं ऐकलं नाही.

शेवटी दार उघडलं. आली ती एक म्हातारी, नऊवारी नेसलेली, काठी टेकत. त्या घरातली कुणी बाई आम्ही तोवर पाहिली नव्हती. मालकाची आई होती. तिच्या हातात पाण्याचा तांब्या. तो तिनं फाटकाच्या गजांतून आक्काच्या हातात दिला. मग तिचं लक्ष पाव्हणीकडं गेलं. वाकड्या पायाकडं बराच वेळ बघत राहिली.

"हिला मी घास टाकत हुते," ती आक्काला म्हणाली. "मला म्हणला, मेली म्हणून."

ती वळली आणि घराकडं तोंड करून तिनं हाक मारली, लेकाचं नाव घेऊन, दोनदा. तो दारापर्यंत आला. चष्मा नव्हता, बनियनवर होता. उंबऱ्याच्या आतच थांबला.

"तात्याला कुणी काढलं कामावरनं?" म्हातारीनं विचारलं.

"आये, तू आत हो. तुला ह्यातलं काय कळत न्हाई."

म्हातारीनं काठी फाटकाला टेकवून ठेवली आणि दोन्ही हातांनी कडी काढली. फाटक उघडायला तिला वेळ लागला. कोणी मदतीला हात लावायच्या आत तिनं ते एकटीनं सताड उघडलं.

"तात्या, उद्या सकाळी पोराला, सुनंला घिऊन कामावर ये," ती म्हणाली. आणि मग मागं न बघता, उंबऱ्यातल्या त्या माणसाला, "रान अजून माझ्या नावावर हाय."